मज्जापेशींचा चित्रकार : रामोन इ काहाल

स्पेन देशाच्या ईशान्येकडील डोंगराळ मुलखात, पेतिया या लहानशा खेड्यात, १ मे १८५२ रोजी सान्तियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. वडील दोन हुस्तो हे शल्यवैद्य होते, मोठे कष्टाळू आणि तितकेच कडक. मुलगा मात्र विलक्षण व्रात्य निघाला. अकराव्या वर्षी त्याने स्वतः तोफ तयार केली आणि शेजाऱ्याच्या नव्या फाटकावर डागली. त्यापायी काही दिवस कोठडीची हवा त्याला खावी लागली!

त्याला दुसरे वेड होते चित्रांचे. दिसेल त्या भिंतीवर तो रेघोट्या ओढी. हे वेड वडिलांना व्यसनच वाटे. गावच्या चर्चच्या भिंती रंगवावयास आलेल्या एका फिरत्या कारागिराला त्यांनी मुलाचे चित्र दाखविले. त्या गृहस्थाने चित्रात काहीच अर्थ नसल्याचा निर्वाळा दिला आणि तेवढ्यावरच चित्रकलेची वाट बंद झाली. पुढे मुलाला न्हाव्याच्या व चांभाराच्या हाताखाली उमेदवारीलाही धाडण्यात आले.

अखेर १८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांनी युक्ती योजिली. जुन्या दफनभूमीतून हाडे आणून ती त्याच्यापुढे मांडली व शारीरशास्त्र शिकविण्यास आरंभ केला. सान्तियागो हाडांची चित्रे काढू लागला. काढता काढता त्यांत रमला. ज्या कलेचा पित्याला तिटकारा होता, तिच्याच वाटेने पुत्र वैद्यकाकडे वळला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

१८७३ मध्ये सारागोसा येथे ते वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. लष्करी वैद्य म्हणून क्यूबा बेटावर गेले, तेथे हिवतापाने पोखरले गेले आणि १८७५ मध्ये खंगलेल्या देहाने परतले. पुढे साठविलेल्या पैशांतून त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्र घेतले व घरीच प्रयोगशाळा मांडली.

१८८७ मध्ये माद्रिदला एका सहव्यवसायी वैद्याच्या घरी त्यांनी एक अपूर्व दृश्य पाहिले. इटलीतील कामिल्लो गॉल्जी यांच्या रजतरंजन पद्धतीने रंगविलेला तो मेंदूचा काप होता. पिवळट पार्श्वभूमीवर मोजक्याच पेशी काळ्याभोर उठून दिसत होत्या, जणू कागदावर शाईने काढलेले वृक्षच. तोवर मेंदू म्हणजे सलग तंतूंचे जाळे, असे पुष्कळ विद्वान मानीत. काहाल यांनी त्या पद्धतीत सुधारणा केली, पक्ष्यांच्या व कोवळ्या प्राण्यांच्या मेंदूंचे काप तपासले आणि १८८८ मध्ये दाखवून दिले की, प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असते. ती शेजारणीला भिडते, पण तिच्यात मिसळत नाही. हे छापण्यासाठी त्यांनी पदरच्या पैशाने नियतकालिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या साठ! तरीही जग लक्ष देईना. तेव्हा १८८९ मध्ये ते आपले काप घेऊन बर्लिनला गेले, मोडक्यातोडक्या फ्रेंच भाषेत बोलले आणि वयोवृद्ध कोलिकर यांच्यासारख्या पंडितास आपल्या बाजूस वळविले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल व गॉल्जी यांना मिळून मिळाले. गॉल्जी यांनी त्या व्यासपीठावरून जाळ्याचाच कैवार घेतला. दुसऱ्याच दिवशी काहाल यांनी स्वतंत्र पेशींची बाजू मांडली.

परंतु माझ्या मते त्यांचे सर्वांत धीराचे काम याच्या आगेमागे झाले. मज्जा तुटली तर ती पुन्हा जुळते काय? हातापायांच्या तुटलेल्या मज्जातंतूंना नवे अंकुर फुटतात व ते वाट शोधीत पुढे सरकतात, हे त्यांनी पाहिले. मेंदूत व पाठीच्या कण्यातील रज्जूतही अंकुर फुटतात, पण थोड्याच अंतरावर थबकतात. तुटलेल्या तंतूंची टोके फुगून गोळ्यांसारखी होतात. पेशीच्या आतील सूक्ष्म धाग्यांची वीण बिघडते, तिचे कण कण होतात. हे सारे त्यांनी हाताने रेखाटले आणि १९१३-१४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. छपाईला पैसा दिला तो अर्जेंटिनातील स्पॅनिश वैद्यांनी.

निष्कर्ष निराशेचा होता, तरी त्यांनी तो लपविला नाही. मात्र दार पूर्ण बंदही केले नाही. त्यांचे शिष्य तेयो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायातील मज्जेचा तुकडा बसविला, तेव्हा मेंदूचे तंतू त्याच्या दिशेने वाढलेले आढळले. म्हणजे दोष तंतूच्या शक्तीत नसून भोवतालच्या स्थितीत असावा! ही कल्पना पुष्कळ वर्षे पडून राहिली. १९८० नंतर कॅनडातील आग्वायो यांच्या प्रयोगांनी तिला बळकटी आली.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे काहाल यांचे देहावसान झाले. डोक्याला जबर मार बसून मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत ते फुगलेले गोळे आजही तज्ज्ञ शोधतात. आता छायाचित्रातील लगतच्या बिंदूंच्या छटा परस्परांशी कशा बदलतात, हे संगणक मोजतो आणि दुखावलेल्या पेशीचा पोत निरोग्या पेशीहून किती निराळा, ते आकड्यांत सांगतो. काहाल यांच्यापाशी त्याच कामाला एक सूक्ष्मदर्शक, शाईची दौत आणि त्या कारागिराने निकालात काढलेला तो हात, एवढेच होते.