पोप कॅलिक्स्टस पहिला

पोप कॅलिक्स्टस पहिला (मृत्यू: इ.स. २२२) हे इ.स. २१७च्या सुमारास रोमचे बिशप, म्हणजेच पोप झाले आणि मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. कॅथलिक परंपरा त्यांना संत व हुतात्मा मानते. त्यांचा स्मृतिदिन १४ ऑक्टोबर हा आहे.

नाव

'कॅलिस्टस' हे 'सर्वांत सुंदर' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दाचे लॅटिन रूप होय. 'कॅलिक्स्टस' हे लेखन पुढे रूढ झाले. त्या काळी रोममध्ये गुलामांची नावे पुष्कळदा ग्रीक असत. गुलामाचे हे नाव पुढे दुसरे कॅलिक्स्टस (१११९–११२४) व तिसरे कॅलिक्स्टस (१४५५–१४५८) या पोपांनी धारण केले.

जीवन

त्यांची बहुतेक माहिती हिप्पोलिटस या त्यांच्या कट्टर विरोधकाच्या ग्रंथातून मिळते. त्यामुळे ती सावधपणे वाचावी लागते. या ग्रंथानुसार कॅलिक्स्टस हे कार्पोफोरस नावाच्या ख्रिस्ती मालकाचे गुलाम होते. मालकाने त्यांना पेढी चालवण्यास दिली, ती बुडाली. पळून जाताना ते पकडले गेले. पुढे सिनेगॉगमध्ये दंगा केल्याच्या आरोपावरून त्यांना सार्डिनिया बेटावरील खाणीत पाठवण्यात आले. सम्राट कोमोडसची उपपत्नी मार्सिया हिच्या मध्यस्थीने तेथील ख्रिस्ती कैद्यांसह त्यांची सुटका झाली. पोप झेफिरिनस यांनी त्यांच्याकडे आपिया मार्गावरील ख्रिस्ती दफनभूमीची व्यवस्था सोपवली. ही भुयारी दफनभूमी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

वाद

झेफिरिनस यांच्यानंतर कॅलिक्स्टस पोप झाले. व्यभिचारासारखे गंभीर पाप करणाऱ्यांनाही प्रायश्चित्तानंतर ख्रिस्तसभेत पुन्हा घ्यावे, असे त्यांचे धोरण होते. रोमन कायद्याला अमान्य असलेले, कुलीन स्त्री व गुलाम यांचे संबंधही त्यांनी विवाह म्हणून स्वीकारले. हिप्पोलिटस यांना हा शिस्तीचा ऱ्हास वाटला व त्यांनी वेगळा गट स्थापन केला. पापी माणसाला परतीची वाट असावी की नसावी, हा या वादाचा गाभा होता. पुढील काळात चर्चची भूमिका कॅलिक्स्टस यांच्या बाजूने झुकली. तरीही हिप्पोलिटस यांनाही संतपद लाभले.

मृत्यू

त्यांना विहिरीत टाकून ठार मारले, अशी आख्यायिका आहे. इ.स. ३५४च्या रोमन हुतात्म्यांच्या यादीत त्यांचे नाव आढळते. ज्या दफनभूमीची त्यांनी देखभाल केली, तेथे तिसऱ्या शतकातील अनेक पोप विसावले. कॅलिक्स्टस यांना मात्र ऑरेलिया मार्गावरील कॅलेपोडियस दफनभूमीत पुरण्यात आले.