अब्दुल करीम खाँ : बडोदे दुरावलेला गवई, मिरजेत रुजलेला सूर

२७ ऑक्टोबर १९३७ च्या रात्री मद्रासहून पाँडिचेरीकडे निघालेल्या आगगाडीतून उस्ताद अब्दुल करीम खाँ सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर उतरले. प्रवासात त्यांची प्रकृती एकाएकी बिघडली होती. बरोबरच्या मंडळींनी फलाटावरच अंथरूण घातले. खाँसाहेबांनी नमाज अदा केली, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी कानड्यात ईश्वराची आळवणी केली, असे त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगितले जाते. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांना पासष्टावे वर्ष चालू होते. जन्म उत्तर हिंदुस्थानात, मृत्यू तमिळ प्रदेशातील एका फलाटावर आणि दफन मिरजेत, असा हा प्रवास आहे. त्याला वळण दिले ते चार दशकांपूर्वी बडोदे संस्थानातून घाईघाईने पत्कराव्या लागलेल्या प्रस्थानाने.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी कैराना येथे झाला. हे गाव आज उत्तर प्रदेशाच्या शामली जिल्ह्यात आहे. मराठीत त्याचे नाव किराणा असे रूढ झाले आणि तेच घराण्याला मिळाले. वाणसामानाच्या दुकानाशी या नावाचा काही संबंध नाही, हे नव्या श्रोत्याला अजूनही कधीकधी सांगावे लागते. घराण्यात गायन, सारंगी आणि बीन यांची परंपरा होती. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. ते स्वतः सारंगीही उत्तम वाजवीत. गाताना आवाज दोन स्वरांच्या मधून अखंड सरकत नेण्याची त्यांची लकब सारंगीच्या गजाची आठवण करून देते, ती बहुधा त्यामुळेच.

तरुण वयात बंधू अब्दुल हक यांच्यासह संस्थानांतून फिरत ते बडोद्यास पोहोचले. सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत या नगरीत कलावंतांसाठी स्वतंत्र सरकारी खाते होते आणि मौलाबक्ष यांच्या पुढाकाराने १८८६ मध्ये गायनशाळाही सुरू झाली होती. अशा दरबारात आश्रय मिळणे म्हणजे आयुष्यभराची निश्चिंती. खाँसाहेबांना ती लाभली होती. मात्र राजघराण्याशी नातेसंबंध असलेले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली आणि पुढे त्या दोघांत अनुराग निर्माण झाला.

एका मराठा सरदाराची मुलगी आणि पदरी असलेला मुसलमान गवई यांचा विवाह बडोद्यात होणे शक्यच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबई गाठली. दरबाराचा रोष ओढवून घेतलेल्या गवयाला परतीची वाट उरली नाही. खाँसाहेबांनी चाकरी गमावली. ताराबाईंनी माहेर, प्रतिष्ठा आणि सरदारकन्येचे संरक्षण अशा तिन्ही गोष्टी गमावल्या. या कथेकडे केवळ प्रेमकथा म्हणून पाहणे सोयीचे असले तरी ते पुरेसे नाही. खाँसाहेबांचा पहिला विवाह किराण्यातीलच गफूरन बीबी यांच्याशी झाला होता. त्या घराण्यातील दुसरे थोर गायक अब्दुल वहीद खाँ यांच्या भगिनी. बडोद्याबरोबरच जन्मगावाचेही दार पुष्कळसे बंद झाले ते या कारणाने.

मुंबईहून हे कुटुंब दक्षिणेकडे सरकले आणि मिरजेशी त्यांचे नाते जुळले. पटवर्धनांचे हे संस्थान लहान असले तरी गाण्याच्या दृष्टीने कोरडे नव्हते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी येथेच विष्णु दिगंबर पलुसकरांना घडवले होते. तंबोरे आणि सतारी बनविणाऱ्या कारागिरांची पेठ येथे होती. रेल्वेचे जंक्शन असल्याने मुंबई-पुणे, कोल्हापूर आणि कर्नाटक या सर्व दिशांना जाणे सुलभ होते. फिरतीवर जगणाऱ्या कलावंताला अशी जागा सोयीची असते. सोयीपलीकडचेही एक कारण सांगितले जाते. प्लेगच्या साथीत खाँसाहेब मिरजेत आजारी पडले आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात केलेल्या प्रार्थनेनंतर त्यांना उतार पडला, अशी आख्यायिका आहे. तेथील उरुसात हजेरी लावण्याचा त्यांचा परिपाठ पुढे कायम राहिला. आख्यायिकेतील वैद्यकीय भाग बाजूला ठेवला तरी, ज्याला कोणताही राजा उरला नव्हता अशा गवयाने दर्ग्याला आपला दरबार मानले, एवढे तरी खरे आहे.

उदरनिर्वाहाचा प्रश्न होताच. विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानिकांचा आश्रय आटत चालला होता आणि तिकीट काढून गाणे ऐकणारा शहरी मध्यमवर्ग उदयास येत होता. खाँसाहेबांनी तो ओळखला. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते. खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय उघडले. एका मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेला ‘आर्य’ हे नाव द्यावे, यात व्यवहारज्ञान होते की मनाचा मोकळेपणा, हा प्रश्न अभ्यासकांपुढे आहे. बहुधा दोन्ही असावे. विद्यार्थी जुन्या गुरुकुलाप्रमाणे त्यांच्या घरी राहत आणि शाळेचा खर्च खाँसाहेब जलशांच्या उत्पन्नातून भागवीत. पुढे मुंबईतही हे काम चालले. मात्र जलसे नाहीत तेव्हा पैसा नाही, अशी ही व्यवस्था होती आणि ती फार काळ टिकली नाही.

याच काळात त्यांची जिज्ञासा अनेक दिशांनी धावत होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि मुलकी सेवेतील इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स बावीस श्रुतींचे गणित मांडीत होते. त्यांच्या प्रयोगांसाठी खाँसाहेबांनी आपला गळा उपलब्ध करून दिला. बहुतेक उस्ताद अशा मोजमापांपासून दूर राहत असताना हे विशेष होते. एका कुत्र्याला सुरात सूर मिसळण्यास शिकवून त्यांनी त्याला रसिकांसमोर आणले, हेही नमूद करण्याजोगे आहे. या कुत्र्याचे नाव टिपू मियाँ. खाँसाहेबांच्या गंभीर, व्रतस्थ प्रतिमेत हा प्रसंग बसत नाही, म्हणून तो सांगताना पुष्कळजण संकोचतात.

याहून दूरगामी ठरला तो कर्नाटकाशी आलेला संबंध. म्हैसूर दरबारात त्यांचा सन्मान झाला आणि ‘संगीतरत्न’ ही पदवी मिळाली. म्हैसूरच्या वाटेवर त्यांचा मुक्काम धारवाड परिसरात पडत असे. तेथे कर्नाटक पद्धतीने गाणाऱ्या आंबाबाईंचे गाणे ते आवडीने ऐकत. त्यांची लहानगी मुलगी म्हणजे पुढे ख्यातकीर्त झालेल्या गंगूबाई हनगल. दाक्षिणात्य गायकांची स्वरोच्चाराची शिस्त खाँसाहेबांनी आत्मसात केली आणि ख्यालात सरगम मोठ्या नजाकतीने गुंफली. त्यागराजांची रचना त्यांनी ध्वनिमुद्रितही केली. उत्तरेकडच्या उस्तादाने कर्नाटक संगीताकडे शिष्यवृत्तीने पाहावे, असे त्या काळी क्वचितच घडे. आपल्या प्रांतात, आपल्या माणसांत स्थिरावलेल्या गवयाला त्याची गरजही भासत नसे.

त्यांचा आवाज बारीक, उंच पट्टीचा आणि काहीसा अनुनासिक होता. भरदार आवाजाची अपेक्षा बाळगणाऱ्याला तो प्रथम कृशही वाटतो. परंतु तंबोरे इतके काटेकोर जुळवलेले असत आणि त्यात स्वर असा विरघळत असे की गायक आणि साथ यांतील सीमा पुसट होई. लयीच्या खटपटीपेक्षा एकेका स्वराची सावकाश बढत त्यांना प्रिय होती. ख्यालाच्या बरोबरीने ठुमरी आणि मराठी नाट्यपदेही ते तितक्याच गांभीर्याने गात. लोकप्रिय आणि शास्त्रीय अशी भिंत त्यांनी फारशी मानली नाही.

१९२२ मध्ये या कुटुंबाची घडी मोडली. पाचही मुलांना घेऊन ताराबाई खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या. त्यांनी मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई झाली, सकीना सरस्वती झाली आणि गुलाब कमलाबाई झाली. धाकटे कृष्णराव मानेच राहिले. ज्या माहेराने ताराबाईंना दूर केले त्याचेच आडनाव त्यांनी मुलांना दिले आणि मुलींच्या नावापुढे बडोदेकर लागले. जे शहर आईवडिलांना सोडावे लागले, तेच मुलींची ओळख झाले. वडिलांचे नाव मात्र कोणाच्याही नावात उरले नाही. ताराबाईंच्या या निर्णयात कटुता होती, तशी दूरदृष्टीही होती. तत्कालीन मराठी समाजात, विशेषतः रंगभूमीवर आणि सभ्य मानल्या जाणाऱ्या मैफलींत, या मुलांना स्थान मिळवायचे तर कोणते नाव उपयोगी पडेल, हे एकट्या राहिलेल्या त्या आईने नेमके ताडले होते.

नावे बदलली तरी गळे बदलले नाहीत. सुरेशबाबू हे बुद्धिमान गायक आणि शिक्षक ठरले. प्रभा अत्रे यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. हिराबाईंना मार्गदर्शन मिळाले ते अब्दुल वहीद खाँ यांचे, म्हणजे वडिलांच्या पहिल्या पत्नीच्या भावाचे. घराण्यातील जुना सल विद्येच्या आड आला नाही, असे म्हणता येईल. हिराबाईंनी तिकीट लावून सार्वजनिक मैफली केल्या आणि कुलीन स्त्रियांना व्यासपीठावर बसून गाण्याचा मार्ग मोकळा केला. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण किताब देण्यात आला. रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांमुळे मुंबई-पुण्याबाहेर, नागपूर, इंदूर, रायपूर अशा शहरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही बडोदेकर हे आडनाव घरचे झाले. त्यामागे एका परागंदा जोडप्याची कथा आहे, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल.

विभक्त झाल्यावर खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. शिष्या बानूबाई लाटकर यांच्याशी त्यांनी विवाह केला; त्या सरस्वतीबाई मिरजकर या नावाने गात. येथेही नावाचा तोच खेळ दिसतो. आयुष्याच्या उत्तरार्धात, १९३० च्या दशकाच्या मध्यास, ओडियन कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. साठी उलटलेल्या या गायकाला तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तासभर एका रागात रमणाऱ्याने त्या चिमूटभर वेळात रागाचे सारे व्यक्तिमत्त्व उभे केले. झिंझोटी आणि भैरवीतील त्यांच्या ठुमऱ्या घरोघरी पोहोचल्या. गदगमध्ये बालपणी अशीच एक तबकडी ऐकून भीमसेन जोशी गाण्याच्या ओढीने घर सोडून निघाले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्यांना अखेर गुरू लाभले ते खाँसाहेबांचेच पट्टशिष्य, कुंदगोळचे रामभाऊ ऊर्फ सवाई गंधर्व.

येथे किराणा घराण्याच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट स्पष्ट होते. सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहरेबुवा, शंकरराव सरनाईक, दशरथबुवा मुळे अशी खाँसाहेबांच्या शिष्यांची नावे पाहिली, किंवा पुढच्या पिढीतील गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर यांची, तरी त्यांत यमुनाकाठच्या त्या गावाचे कोणी नाही. घराण्याचे नाव उत्तरेचे आणि माणसे कृष्णा-मलप्रभेच्या खोऱ्यातील, मराठी आणि कन्नड बोलणारी. बडोद्याची चाकरी टिकली असती, तर ही विद्या बहुधा एका दरबारात आणि एका कुटुंबात राहिली असती.

घराण्यातीलच रोशनआरा बेगम यांनीही खाँसाहेबांकडे तालीम घेतली. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या आणि पंजाबातील लालामुसा या रेल्वेच्या गावी राहिल्या. त्या देशात त्यांना मलिका-ए-मौसिकी म्हणून गौरवण्यात आले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. गुरूप्रमाणे शिष्येच्या वाट्यालाही जन्मभूमीपासून दूरचे गाव आले आणि तेही रेल्वेचे जंक्शनच.

सिंगपेरुमाळकोईलच्या फलाटावरून खाँसाहेबांचा देह मिरजेला आणण्यात आला आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या परिसरात त्याचे दफन झाले. उरुसाच्या दिवसांत तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते आणि देशभरातील कलावंत चिंचेच्या झाडाखाली बसून गातात. त्यांचे तंबोरे अनेकदा दर्ग्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या सतारमेकर गल्लीत तयार झालेले असतात. मिरजेच्या या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.