सरासरीमागचे सत्य शोधणारे दादाभाई

मुंबईत हुतात्मा चौकाजवळ दादाभाई नौरोजी यांचा पुतळा आहे. 'भारताचे पितामह' म्हणून ते सर्वांना परिचित आहेत; परंतु आकड्यांची शास्त्रशुद्ध मांडणी करणारा गणितज्ञ ही त्यांची ओळख काहीशी मागे पडली आहे.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी झाला. ते चार वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. आई माणेकबाई यांनी हालअपेष्टा सोसून त्यांना शिकविले. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत गणित व सृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक होण्याचा मान त्यांना मिळाला. त्यापूर्वी कोणाही भारतीयाला तेथे असे पद लाभले नव्हते. १८५५ मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले.

ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थान समृद्ध होत असल्याचा दावा त्या काळी केला जात असे. त्याला भावनेने नव्हे, तर हिशेबाने उत्तर देण्याचे दादाभाईंनी ठरविले. सरकारी अहवालांत आकड्यांची कमतरता नव्हती. दोष होता तो सरासरी काढण्याच्या पद्धतीत. सर्व जिल्ह्यांचे दर एकत्र करून जिल्ह्यांच्या संख्येने भागले, की प्रांताची सरासरी तयार होई. समजा, एका जिल्ह्यात लाख मण भात मणाला एक रुपया दराने विकला गेला आणि दुसऱ्यात हजार मण तीन रुपयांनी. सरकारी पद्धतीने सरासरी भाव दोन रुपये येईल. प्रत्यक्षात तो एक रुपया आणि सुमारे चार पै इतकाच असेल. प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या उत्पादनाच्या प्रमाणात वजन दिले पाहिजे, हे दादाभाईंनी दाखवून दिले. आज संगणकावर नोंदींचे गट पाडून बेरीज व सरासरी क्षणात निघते. मात्र गटांच्या सरासरींची पुन्हा सरासरी काढण्याची चूक आजही होते.

त्यांनी प्रांतवार गट केले. प्रमुख पिकांखालील क्षेत्र, एकरी उतारा आणि भाव यांचा गुणाकार करून शेतीचे उत्पन्न काढले. त्यात मीठ, कोळसा, कारागिरी, मासे, दूध यांची भर घातली. काही राहून गेले असल्यास म्हणून वाढीव रक्कमही धरली. बेरीज आली सुमारे ३४ कोटी पौंड, लोकसंख्या १७ कोटी. म्हणजे दरडोई वर्षाला ४० शिलिंग, अवघे २० रुपये! कैद्यांच्या अन्नवस्त्रावर तुरुंगात होणारा खर्चही याहून अधिक होता. १८७६ मध्ये त्यांनी हा हिशेब मुंबईत निबंधरूपाने वाचला.

सरकारलाही त्याची दखल घ्यावी लागली. १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी हे उत्पन्न २७ रुपये ठरविले. आकडा वाढला, पण दारिद्र्य झाकले गेले नाही.

१८९२ मध्ये दादाभाई सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेवर निवडून आले. काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी तीनदा भूषविले. १९०१ मध्ये त्यांचा दारिद्र्यविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वीस रुपयांच्या त्या सरासरीत श्रीमंतांचाही वाटा मिसळलेला आहे आणि गरिबाच्या हाती त्याहून कमीच पडते, हे सांगायला ते विसरले नाहीत. दरडोई उत्पन्नाचे आकडे वाचताना त्यांचा हा इशारा आजही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.