एलायजा मॅकॉय : इंजिनाला तेल घालणारा अभियंता

गॅरेजमध्ये गाडीखाली शिरून चेंबरचा नट खोलणारा, काळे ऑइल काढणारा मुलगा बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. हे काम हलके आहे, असे त्याला घरीदारी ऐकवले जाते. यंत्राला तेल घालण्याच्या याच कामातून पन्नासहून अधिक पेटंट मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय अभियंत्याचे, एलायजा मॅकॉय यांचे, चरित्र म्हणून आपल्या तरुणांनी वाचायला हवे.

मॅकॉय यांचा जन्म १८४४ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. आईवडील, मिल्ड्रेड आणि जॉर्ज, अमेरिकेतील केंटकी राज्यात गुलाम होते. गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या गुप्त साखळीच्या आधाराने ते कॅनडात पोहोचले. पुढे हे कुटुंब अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी गावी स्थायिक झाले. मुलाला यंत्रांची ओढ आहे हे ओळखून त्यांनी त्याला वयाच्या पंधराव्या वर्षी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे शिकायला पाठवले. तेथून तो यांत्रिकी अभियंता होऊन परतला. स्वतः गुलामीतून सुटलेल्या आईवडिलांनी शिक्षणावर ठेवलेला हा विश्वास बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळा समजावून सांगायला नको.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली होती, वर्णभेद संपला नव्हता. कृष्णवर्णीय माणसाला अभियंत्याची जागा द्यायला कोणी तयार नव्हते. मिशिगन सेंट्रल रेल्वेत मॅकॉय यांना काम मिळाले ते फायरमन आणि ऑइलमनचे: भट्टीत कोळसा टाकायचा आणि इंजिनाला तेल घालायचे.

धातूवर धातू घासला की उष्णता निर्माण होते आणि भाग झिजतात. मधे तेलाचा पातळ थर असला तरच यंत्र टिकते. त्या काळी गाडी ठरावीक अंतरावर थांबवावी लागे आणि ऑइलमन खाली उतरून सांध्यासांध्यात तेल सोडत असे. वेळ वाया जाई. तेल कमी पडले तर भाग तापून निकामी होत. कचेरीत बसलेल्या साहेबांना हे आकड्यांतून कळत होते. मॅकॉय यांना ते रोज हातांनी कळत होते आणि त्यामागचे शास्त्रही ठाऊक होते.

त्यांनी वाफेच्याच दाबाचा उपयोग केला. इंजिन चालू असताना तेलाच्या भांड्यातून सिलिंडरमध्ये आपोआप तेल जाईल असे उपकरण बनवले. जुलै १८७२ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. पुढे चाळीसहून अधिक वर्षे ते सुधारणा करत राहिले. अतितप्त वाफेवर चालणारी मोठी इंजिने आली, तेव्हा साधे तेल त्या उष्णतेत टिकेना. मॅकॉय यांनी तेलासोबत ग्रॅफाइट वापरणारे उपकरण तयार केले. इस्त्रीचे घडीचे टेबल आणि बागेत पाणी शिंपडणारे यंत्र यांचीही पेटंटे त्यांच्या नावावर आहेत.

अस्सल वस्तूला इंग्रजीत रिअल मॅकॉय म्हणतात. तो वाक्प्रचार त्यांच्यावरूनच आला असे बरेचदा सांगितले जाते. पण त्याच्याशी मिळताजुळता प्रयोग स्कॉटलंडमध्ये १८५६ मध्येच छापलेला आढळतो. मॅकॉय यांचे मोठेपण त्यांच्या पेटंटांनीच सिद्ध होते. त्याला आख्यायिकेची गरज नाही.

कटू भाग पुढे आहे. कारखाना काढायला भांडवल नव्हते. त्यामुळे बहुतेक पेटंटांचे हक्क त्यांना मालकांना किंवा गुंतवणूकदारांना द्यावे लागले. उपकरणे देशभर विकली गेली, नफा दुसऱ्यांचा झाला. स्वतःच्या नावाची कंपनी डेट्रॉइटमध्ये उभी राहिली ती १९२० मध्ये, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर. दोनच वर्षांनी मोटार अपघातात ते आणि पत्नी मेरी जबर जखमी झाले. मेरी त्यातून वाचल्या नाहीत. १० ऑक्टोबर १९२९ रोजी मॅकॉय यांचे निधन झाले, तेही निराधारांना ठेवणाऱ्या एका सरकारी रुग्णालयात. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान-दालनात त्यांचा समावेश झाला.

आपल्याकडचे चित्र वेगळे नव्हते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब होते. आपले कामगार वर्षानुवर्षे गँगमनच राहतात आणि वर्कशॉपमध्येही त्यांना वरच्या जागेवर चढू दिले जात नाही, हे त्यांनी तेथे मांडले. डेट्रॉइटमध्ये वर्ण आडवा आला, मनमाडला जात.

आज मोटारीत तेल फिरवण्याचे काम ऑइल पंप करतो, तत्त्व मात्र तेच आहे: योग्य तेल, योग्य प्रमाणात, योग्य वेळी. म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचे ऑइल वापरावे. किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल तेव्हा ते बदलावे, फिल्टरही बदलावा. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगावा, गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिकवर पातळी पाहावी, बिल जपून ठेवावे. अनावश्यक फ्लशिंगला नाही म्हणावे. एवढे केले तर वस्तीतल्या लहान गॅरेजमध्येही काम कमी पैशांत आणि चोख होते. जुने ऑइल मात्र गटारात जाता कामा नये.

आणि गॅरेजमध्ये राबणाऱ्या आपल्या भावांनो, प्रामाणिकपणे केलेले हे काम म्हणजे सम्यक आजीविकाच आहे. त्यामागचे शास्त्र शिका, आयटीआयचे प्रमाणपत्र घ्या, हिशेब आणि कायदा समजून घ्या. चौघांनी मिळून स्वतःचे गॅरेज काढता येते का, ते पाहा. मॅकॉय यांच्याकडे विद्या होती, कष्ट होते, मालकी नव्हती. ती उणीव आपण संघटित होऊन भरून काढू शकतो.

जय भीम, नमो बुद्धाय.