माणसांचा ताळेबंद

उभी हयात बँकेत ताळेबंद जुळवण्यात गेली. म्हणूनच महबूब उल हक या अर्थतज्ज्ञाची कहाणी मला जवळची वाटते. केंब्रिजला ते अमर्त्य सेन यांचे सहाध्यायी. पुढे पाकिस्तानच्या नियोजन आयोगात त्यांनी योजना आखल्या. राष्ट्रीय उत्पन्न वाढले. पण देशातले दोनतृतीयांश उद्योग अवघ्या २२ कुटुंबांच्या हाती आहेत, हे १९६८ मध्ये त्यांनीच जाहीर सांगितले. नुसता पैसा मोजून माणसाचे भले कसे कळणार? १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या मानव विकास अहवालात त्यांनी उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण मांडले. १९९८ मध्ये ते गेले. २००० साली जगाने दारिद्र्य हटवण्याची उद्दिष्टे ठरवली, ती पाहायला ते नव्हते. आपल्या तालुक्याची प्रगती मोजताना शाळा आणि दवाखानाही जमेस धरावा, एवढे तरी आपण त्यांच्याकडून घ्यावे.