हिंगण्याची वाट

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जत स्टेशनात थांबली, की थोड्याच वेळात मागून हलकासा धक्का बसतो. बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागे इंजिने जोडतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. तीसहून अधिक वर्षे बँकेत काढलेल्या मला या नावाची गंमत वाटायची. ही इंजिने निदान घाट तरी चढतात. मी मात्र कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या शाखांमध्ये खुर्ची सोडली नाही. शाखेपर्यंत स्कूटर, शाखेत खुर्ची आणि घरी लिहिण्याचे टेबल. अठ्ठावन्नाव्या वर्षी छातीत कळ आली, एका धमनीत स्टेंट बसला आणि औषधांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी शेवटी एकच शब्द लिहिला : चालणे.

त्या सक्तीच्या विश्रांतीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ पुन्हा हाती घेतले. कॉलेजात असताना वाचले होते ते समाजसुधारकाचे चरित्र म्हणून. या वेळी मी हृदयरोग्याच्या नजरेने वाचत होतो. १८ एप्रिल १८५८ ला जन्मलेला हा माणूस ९ नोव्हेंबर १९६२ ला गेला. १०४ वर्षे! मला त्यात पाय दिसू लागले.

दापोलीजवळच्या मुरूडचा हा किरकोळ अंगाचा, लाजाळू मुलगा. १८७५ मध्ये सहावीच्या परीक्षेचे केंद्र होते साताऱ्याला. पावसापाण्याचे दिवस, वाहनाची सोय नाही. सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून, शंभर मैलांहून अधिक चालून तो साताऱ्याला पोहोचला. तिथे परीक्षकांना तो सतरा वर्षांचा वाटेना. वय लहान ठरवून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. आला तसा परत गेला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाला.

१८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई गेल्या आणि त्याच वर्षी ते मुंबई सोडून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला गेले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडने बहिष्कार घातला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तो १९०० मध्ये गावाबाहेर हिंगण्याला, माळावरच्या झोपडीत गेला. आजचे गजबजलेले कर्वेनगर ते हेच. तेव्हा तिथे धड रस्ताही नव्हता. कॉलेजातले तास संपवून अण्णा आश्रमाला लागणारे सामान घेऊन चारेक मैल चिखल तुडवत जात, रात्री तिथे राहत आणि सकाळी शिकवायला पुन्हा पुण्यात हजर.

ही रपेट प्रकृतीसाठी नव्हती. माळावर काही विधवा त्यांच्या भरवशावर राहत होत्या, म्हणून पाय उचलावा लागत होता. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ मध्ये ते युरोपच्या प्रवासाला निघाले. बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले आणि वर्गणीसाठी पुन्हा दारोदार फिरू लागले. शंभरीला, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळाले.

एका माणसाच्या वयावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे आकडेमोड केलेल्या माणसाला कळते. अण्णांचे आयुष्य आनुवंशिक असेल, मिताहाराचे असेल. म्हणून हजारोंचा हिशेब पाहावा लागतो. तो लंडनच्या जेरेमी मॉरिस या डॉक्टरने मांडला. १९५३ मध्ये त्याने दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झाला तर तो तितक्या लवकर प्राण घेत नव्हता. पुढे गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हर मुळातच कंबरेने जाड असल्याचे दिसले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याचे नव्हे. पण नंतरच्या अनेक पाहण्यांनी मूळ दिशा खरी ठरवली. नियमित चालण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, विश्रांतीच्या वेळी नाडी सावकाश चालते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, अशा वेगाचे चालणे. मॉरिस स्वतः नव्व्याण्णव वर्षे जगला.

इथवर आलो आणि आमच्याच तालुक्यातले एक दृश्य आडवे आले. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतल्या ठाकर आणि कातकरी बाया डोक्यावर भारा घेऊन डोंगर चढतात. चालण्यात त्या अण्णांना हार जाणाऱ्या नाहीत. पण माझ्या काउंटरवर अंगठा उठवायला येणारी पन्नाशीची बाई सत्तरीची दिसे. चालणे औषध खरे, पण पोटात अन्न, अंगात रक्त आणि रात्रीची झोप असेल तर. निवडीने चालणे आणि पोटासाठी ओझे वाहणे यांत फरक आहे. अलीकडचे संशोधकही तो करू लागले आहेत. अण्णांना प्राध्यापकाचा पगार होता, हे विसरून चालणार नाही.

आणि दीर्घायुष्य फुकट मिळत नाही. १९५० मध्ये पत्नी आनंदीबाई, म्हणजेच त्या गोदूबाई, गेल्या. १९५३ मध्ये थोरला मुलगा रघुनाथ, संततिनियमनासाठी झिजलेले र. धों., गेले. पंचाण्णव वर्षांच्या बापाने ते पाहिले आणि त्यानंतर आणखी नऊ वर्षे काढली. ती वर्षे कशी गेली असतील, या विचाराने पुस्तक मिटले.

सुरुवातीला मी उल्हास नदीच्या काठी घड्याळ लावून चालत असे. दहा दिवसांत कंटाळलो. मग तीन किलोमीटरवरच्या एका ठाकरवाडीत आठवड्यातून तीनदा जाऊ लागलो. निराधार पेन्शनचे अर्ज भरायचे, पासबुके वाचून दाखवायची. बँकेत असताना जे काम त्यांना माझ्याकडे यायला लावून मी खुर्चीवरून केले, तेच आता मी तिथे जाऊन करतो. जाताना चढ आहे, दम लागतो. पावसात वाट निसरडी होते, तेव्हा घरचे स्कूटर घ्या म्हणतात. पण ओटीवर कागद घेऊन कोणीतरी बसलेले असते, म्हणून छत्री उचलतो आणि पायीच निघतो.