ताराबाईंचे शिंपले आणि आजचे कोडिंग

वस्तूंची वर्गवारी करणे, क्रम लावणे आणि कामाच्या पायऱ्या पाडणे ही कोडिंगची पूर्वतयारी. त्यासाठी संगणकच हवा असे नाही. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांच्या कामातून ते दिसते.

भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीने बालशिक्षणाचे काम केले. १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. माँटेसरीची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून ताराबाईंनी शिंपले, बिया, खडे, पाने यांनाच साधन केले. आकार, रंग, वजन यांप्रमाणे मुले वस्तू वेगळ्या करू लागली. पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्या साथीने हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासून आहे. त्याआधीची तयारी पालघर, बोईसर-तारापूर परिसरातील संगणक नसलेल्या शाळेतही होऊ शकते. मूठभर चिंचोके घ्यावेत, मुलांनी त्यांची मांडणी करावी आणि ती कोणत्या नियमाने केली, हे दुसऱ्याने ओळखावे.